माझ्या मीटरवर ऑफिसचं विशेष लक्ष

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
आधी आली ती शेजारची हिराबाई. चप्पल पायात घालायच्या आत हिच्या तोंडून बातमी निघालेली असते. म्हणाली, राहीबाय, सगळ्या जव्हारच्या नळांचे मीटर बदलणार! मागोमाग रोहिदास. बावीस वर्षं दर दोन महिन्यांनी आमचा मीटर वाचतो. इथल्या धुक्याने काच आतून घामेजते, आकडा दिसत नाही. ऊन लागून निवळेपर्यंत त्याला बसावं लागतं. तोवर चहा, मग भाकरी, मग त्याच्या सुनेचं गाऱ्हाणं. तास जातो माझा. म्हणाला, आजी, नवा मीटर आकडा आपोआप ऑफिसात पाठवतो. मला आता खुर्ची.
बरं झालं. थकले मी चहा करून करून. आता स्वस्थ बसणार.

६ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी ११
मीटर बसला. बसवला चंदाने. मोखाड्याची पोरगी. तिच्या हातात पाना बघून हिराबाईचा आ मिटेना. अर्ध्या तासात काम झालं. चहा नको म्हणाली, अजून अकरा घरं आहेत. मीटर निळा, देखणा. हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. नव्या वस्तूला नजर लागते, हिराबाईची तर लागतेच. म्हणून वर लोखंडी घमेलं पालथं घातलं.
ठरवलं: दुपारी झोपायचं. दाराकडे बघत बसायचं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
झोप नाही. दारात बसले, पण बघत नव्हते. तांदूळ निवडत होते. निवडलेलेच परत निवडले.

१७ नोव्हेंबर, सोमवार
चंदा आली! गल्लीच्या तोंडाशी गाडी वाजली तसं मी घमेलं उचललं. पाहुण्याला झाकलेली वस्तू काय दाखवायची? म्हणाली, आजी, सगळ्या गल्लीचं रीडिंग येतं, तुमचंच येत नाही. फोन धरला तर आकडा लगेच आला. डोकं खाजवत बसली. दोन कप चहा घेतला. तिच्या आईचे सांधे धरतात, मी निर्गुडीचा पाला सांगितला. गेल्यावर घमेलं परत घातलं.
वैताग नुसता. दुपार गेली माझी.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
परत चंदा, परत तसंच. भाकरी आणि खुरासणीची चटणी खाऊन गेली. ऑफिसात सगळे माझ्याच मीटरबद्दल बोलतात म्हणे. बोलणारच. हिराबाईच्या मीटरला कोण विचारतंय? तिला हे सांगितलं तर तोंड फिरवून गेली.
ठरवलं: पुढच्या वेळी सरळ सांगायचं, बाई, मला कामं आहेत. नागली दळून आणायची आहे, दोन माणसांपुरती जास्त.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
चंदा रोहिदासला घेऊन आली. त्याला घर ठाऊक, मागच्या वाटेने घुसला. घमेलं उचलायला वेळच मिळाला नाही. म्हणाला, काय आजी, मीटर डालला होय कोंबडीगत? चंदा हसून हसून ओट्यावर बसली. लोखंडाखालून मीटरची हाक ऑफिसात पोचत नाही म्हणे. मग आधी सांगायचं ना! मी काय मुद्दाम केलं?
दोघं जेवून गेले. रोहिदास म्हणाला, खुर्चीत दिवस जात नाही, आजी. मी म्हटलं, मला तर दिवस पुरत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
घमेलं परसात टाकलं. पण नजरेचं बघायलाच हवं, म्हणून बांबूची टोपली पालथी घातली. बांबूतून हाक जाते बहुतेक.

४ डिसेंबर, गुरुवार
जातेच. कोणी आलं नाही. टोपली वाऱ्याने उडेल म्हणून तिच्यावर घमेलं ठेवलं.

९ डिसेंबर, मंगळवार
चंदा आली. हसली नाही. मोखाड्याचे मीटर सुरू झालेत, आता तिचं काम तिकडे. मीटरवर प्लॅस्टिकचं झाकण बसवलं, चार स्क्रू पिळले. घमेलं स्वतःच्या हाताने माळ्यावर चढवलं. चहा उभ्यानेच. आता कधी येशील, विचारलं. म्हणाली, कशाला येऊ आजी, आता काही लागतच नाही. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, बॅटरी दहा वर्षं चालते, ती बदलायला येईन. नक्की. म्हटलं, तारीख सांग. फोनमध्ये बघून सांगितली: ६ नोव्हेंबर २०३५, मंगळवार.
मंगळवारी मी घरीच असते.