पाळकाने मुकादमाच्या खोलीत राहू नये म्हणून

मी, रतनबाई दानिएल पाटोळे, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार मौजे निंबोरी, तालुका माजलगाव, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दबाव आलेला नाही असे लिहिण्याची रीत आहे. आला होता; मी तो मानला नाही. मला अपत्य नाही. पती दानिएल यांच्यानंतर सर्व मिळकत माझ्या एकटीच्या नावावर आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. घर

गावठाणातील माझे दोन खोल्यांचे घर, ओसरी, न्हाणी आणि बोअरसह, मी आमच्या ख्रिस्ती मंडळीला देते. त्यात मंडळीच्या पाळकानेच, म्हणजे धर्मगुरूनेच, राहावे. घर भाड्याने देऊ नये, विकू नये, भिंतीत कोणा दात्याच्या नावाची फरशी बसवू नये.

याचे कारण नोंदवून ठेवते. आमच्या मंडळीतले बहुतेक लोक ऊस तोडायला जातात. त्यांची टोळी नेणारे मुकादम अर्जुनराव हेच मंडळीचे पंच. पाळक रविराज त्यांच्या माडीवरच्या खोलीत फुकट राहत होते. त्यांच्या आधीचे पाळकही तिथेच राहिले. त्या खोलीतून खाली उतरून आलेला उपदेश मी अनेक वर्षे ऐकला. देव सांभाळेल, देव भरभराट देईल. यात खोटे काही नाही. पण अर्जुनरावांविषयी देवाचे काय म्हणणे आहे, हे त्या उपदेशात कधी आले नाही.

कलम २. वचनांचा डबा

टोळी निघण्याच्या आधीच्या रविवारी प्रत्येक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, वेदीजवळच्या पत्र्याच्या डब्यातून बायबलच्या वचनाची एक चिठ्ठी उचलते, मोठ्याने वाचते आणि उसाच्या फडावर घेऊन जाते. पहिली चिठ्ठी पंचांची. चिठ्ठ्या शहरातून छापील येत. सगळ्या गोड. डबा भरण्याचे काम माझ्याकडे होते.

एका वर्षी अर्जुनरावांनी बायकांना सांगितले की गर्भपिशवी काढून घ्या, म्हणजे पाळीच्या दुखण्यापायी खाडा पडणार नाही आणि दंडही बसणार नाही. त्या वर्षी मी छापील पाकीट फोडले नाही. पवित्र शास्त्र उघडले. मजुराला चिरडणाऱ्यांना जुने संदेष्टे जे तोंडावर बोलले, ते चिठ्ठ्यांवर उतरवले. माझा एकही शब्द त्यात घातला नाही.

अर्जुनरावांनी पहिली चिठ्ठी उचलली. अर्ध्यावर थांबले.

"ह्ये वचन हाय का शिवी?"

"शास्त्र आहे," मी म्हणाले. "पुढे वाचा."

"चष्मा न्हाई आणला."

"डोळ्यांवर आहे."

तेव्हा मागून सुरेखा उठली. ती त्यांच्याच टोळीत तोडणी करते. तिला त्याच आठवड्यात दवाखान्यात नेण्याचे ठरले होते. "आणा हिकडं, मी वाचती. बाईंनी शिकिवलंय मला." तिने शेवटपर्यंत वाचले. मग म्हणाली, "देव असं म्हणतोय, तर मी न्हाई जायची दवाखान्यात. दंड बी न्हाई द्यायची. कबूल नसंल तर ट्रॉली ऱ्हाऊ द्या हितंच."

ट्रॉली राहिली. कारखान्याचे निरोप येत होते आणि बायका चर्चच्या पायऱ्यांवर बसून होत्या. नवरे आधी चिडले. मग भाकरी थापता येत नाही म्हणून हॉटेलातून भजी घेऊन आले आणि त्यांच्याशेजारी बसले.

पाळक माझ्याकडे आले. "बाई, माणसं रडत घर सोडतात. त्यांच्या हातात काहीतरी गोड द्यावं."

"पेढे द्या."

"तुम्ही लोकांना दुखावताय."

"कोणाला? बाहेर बघा."

समोर चर्चच्या पायऱ्यांवर बायका हसत होत्या. पाळकांनी ते खिडकीतून पाहिले. मग म्हणाले, "मी बोललो तर मला खोली सोडावी लागेल." हे त्यांनी सरळ सांगितले, म्हणून माझा त्यांच्यावर राग नाही. मी म्हणाले, माझी एक खोली रिकामी आहे. संध्याकाळी ते ट्रंक घेऊन आले. दुसऱ्या दिवशी त्याच पायऱ्यांवर उभे राहून त्यांनी उपदेश केला. सुरुवातीचे शब्द कोणाला ऐकू गेले नाहीत. अर्जुनरावांचे नाव मात्र स्वच्छ ऐकू आले.

ट्रॉली अशी निघणार नाही हे कळल्यावर अर्जुनराव चर्चमध्ये आले. आजारपणाचा खाडा धरणार नाही आणि कोणत्याही बाईला दवाखान्यात नेणार नाही, असे वेदीपुढे सर्वांदेखत बोलले. शब्द पाळला. त्यानंतर आमच्या टोळीतली एकही बाई मुकादमाच्या सांगण्यावरून ऑपरेशनला गेलेली नाही. त्या वर्षी ट्रॉली निघाली तेव्हा बायका गात होत्या. मी वर्गात पुष्कळ गाणी बसवली. इतके बेसूर आणि इतके चांगले गाणे ऐकले नव्हते.

हा डबा मी सुरेखाला देते. तो तिने भरावा. गोड चिठ्ठ्याही घालाव्यात. त्यांची गरज असते. पण नुसत्या त्याच घालू नयेत.

कलम ३. बचत

पोस्टातील ठेव घराच्या दुरुस्तीसाठी आहे. पाळकाला छपराचे पत्रे मागायला कोणाच्या दारात जावे लागू नये.

कलम ४. किटली

माझ्या जाऊबाई छबुबाई यांनी त्या रविवारपासून माझ्या घरचा चहा सोडला. पंचांचा अपमान झाला, असे त्यांचे म्हणणे. माझी पितळी किटली त्यांना द्यावी. आता चहा त्यांच्याच घरचा होईल.

कलम ५. दफन

मला दानिएल यांच्या शेजारी पुरावे. मी शांत आणि गोड स्वभावाची होते, असे कोणी म्हणू नये. गावाला माहीत आहे. माझे गुण सांगण्यात पाळकांनी वेळ घालवू नये. त्या दिवशी गावात जे वाकडे चालले असेल, त्यावर बोलावे. सगळे आयतेच जमलेले असतील.

कलम ६. अंमल

या मृत्युपत्राचा अंमल सुरेखाने करावा. तिला कायदा कळत नाही, असे कोणी म्हटल्यास तिने हे मोठ्याने वाचून दाखवावे.

साक्षीदारांविषयी

पहिले साक्षीदार सोमेश्वर, माझे शेजारी आणि शाळेतील सहकारी. दुसरे साक्षीदार म्हणून मी अर्जुनरावांना बोलावले. ते पंच आहेत. त्यांच्या सहीनंतर मंडळीत कोणी वाद घालणार नाही. त्यांनी ओसरीत बसून सगळे वाचले.

"माझंच नाव घालून माझीच सही मागता व्हय, बाई? घर द्या, पर कारण खोडा. मागंच सांगितलं व्हतं तुमाला."

"त्यात खोटे काय ते दाखवा. लगेच खोडते."

"खोटं न्हाई. म्हणून तर खोडा म्हणतोय. नातवंडं वाचतील माझी."

"वाचू देत. तुम्ही वेदीपुढे काय बोललात, तेही वाचतील."

त्यांनी ते पान पुन्हा एकदा वाचले. मग त्यांनी पेन मागितले. सहीसोबत काही लिहायचे आहे म्हणाले. मी हरकत घेतली नाही. हे बोलणेही इथे उतरवून दोघांना वाचायला दिले.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, साक्षीदारांना वाचायला दिला आणि त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: मौजे निंबोरी, ता. माजलगाव, जि. बीड
दिनांक: १८ ऑगस्ट २०२५

(सही) रतनबाई दानिएल पाटोळे

साक्षीदार:

१. (सही) सोमेश्वर

२. (सही) अर्जुनराव, पंच. समदं वाचलं. खरं हाय. पाळकाला ह्या घरातून कुणी काढायचं न्हाई, मी बी न्हाई.