राजा मेल्यावर

८ फेब्रुवारी, सर्वण

पडदा ओढायचं काम मिळालं. खाणीवरच्या ट्रकपेक्षा बरं. दोरी एक, अंक तीन. देवळाच्या उत्सवाचं नाटक — दत्तारामकाका राजा. मुलं मरतात, राज्य जातं, शेवटी तोही मरतो.

काकांचं खरं दुखणं घशात. सतरा तारखेला पणजीला इस्पितळात ऑपरेशन. आवाज राहील का, डॉक्टर सांगत नाहीत.

१० फेब्रुवारी

तालमीला उशीर. डिचोलीच्या बाजारात एकजण सुऱ्यांना धार लावत होता, बघत राहिलो. अनंतसर — नाटक त्यांनीच लिहिलंय — म्हणाले, "आयले महाराज."

मग काकांच्या बायको, पार्वतीकाकी, सरांवरच घसरल्या — शेवटी जरासा तरी उजेड ठेव म्हणून. "शेवटाक इल्लो तरी उजवाड दवर मरे. लोकांनी घरी काय न्यायचं?"

"काकी, शोकांतिका आहे. रडणं न्या."

"तें घरा आसा." रडणं घरी आहेच, म्हणजे.

सर वहीत बघत बसले.

११ फेब्रुवारी

इथली रीत कळली. देवापुढे मेलेलं पात्र तसंच घरी जाऊ देत नाहीत. पडदा पडला की मागे कुणीतरी नटाला खऱ्या नावाने हाक मारतं, मगच तो उठतो. यंदा ते कामही माझ्याकडे. काकी कशा हाक मारणार — नवऱ्याचं नाव घेत नाहीत, "आमचे हे".

१३ फेब्रुवारी

आज प्रयोग झाला. चूक माझीच. राजा मरत होता आणि मी पहिल्या रांगेतल्या काकींकडे बघत होतो. ओठ हलत होते त्यांचे. काकांची सगळी वाक्यं पाठ. वाक्यं संपली, मी तिकडेच. दोरी हातात, पडदा वरच. काका सगळ्यांसमोर मेलेले — डोळे मिटून, हाकेची वाट बघत. लोक चुळबुळले. सर विंगेतून हातवारे करत होते. मला नावच आठवेना.

काकी उभ्या राहिल्या.

"दत्ताराम, उठा."

काका उठले. मुकुट सरळ केला, देवळाकडे वळून हात जोडले. टाळी कुणी वाजवली नाही. बाया डोळे पुसत हसत होत्या.

१६ फेब्रुवारी

पेडण्याला जाणार होतो, तिथे प्लंबिंगचं काम आहे. बस चुकली. चुकवली म्हणा.

१९ फेब्रुवारी

आवाज गेला. काकींचा फोन होता. काकांनी कागदावर लिहिलंय — पुढच्या वर्षी मुक्या माणसाचं काम आहे का, अनंताला विचार.

विचारलं. सर म्हणाले, "नाही." मग कोरी वही काढली. म्हणाले, "चहा आण. आणि दार लावून घे."