तुटक्या रेघेचा भ

ती. दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? डॉक्टरांनी ‘वाकू नका’ म्हटल्यापासून खाली पडलेली एकही वस्तू तू उचलत नाहीस, असं वहिनी फोनवर म्हणाली. (त्याआधी उचलत होतास, हे मला नवीनच.) वहिनीचा घसा सुटला, बरं झालं. तो बसला होता तेव्हा घरात फार शांतता होती म्हणे. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे मागच्या आठवड्यात माझी नोकरी जाता जाता राहिली, ते सोडून.

झालं असं, की एका नव्या इस्पितळाच्या पाट्यांचं काम आमच्या स्टुडिओला मिळालं आणि मालकीणबाईंनी ते माझ्यावर सोपवलं. त्यांना माझी अक्षरं फार आवडतात. आवडणारच! बाकीच्यांना अक्षर बघताना शब्द मध्ये तडमडतो; मला शब्द आधी दिसतच नाही, नुसता आकार दिसतो. ह्याला डिस्लेक्सिया म्हणतात हे मला कॉलेजात कळलं. तोवर आपल्या घरी त्याला ‘हिचं लक्ष कुठे असतं’ म्हणत. (तू नाही म्हणालास कधी. तू माझे धडे मोठ्यानं वाचायचास आणि मी ऐकून पाठ करायचे. इतिहास तू नाकात बोलून वाचायचास, त्यामुळे सगळे राजे मला अजून सर्दी झाल्यासारखे वाटतात.) ऑफिसात मात्र मी अवाक्षर काढलं नव्हतं. जिचं पोट अक्षरांवर, तिलाच वाचताना घाम फुटतो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला तेवढं ठाऊक होतं. माझी प्रत्येक पाटी छापायला जाण्याआधी ती गुपचूप वाचून द्यायची.

आणि नेमके त्याच वेळी तिचे डोळे आले आणि माझे गेले. पाटी होती ‘रुग्ण भरती’. अक्षरं मी हातानं काढली होती, जीव ओतून. आता भ आणि म हे माझ्या लेखी जुळे भाऊ. पुन्हा पुन्हा बघताना मला एकाची वरची रेघ तुटलेली दिसली, ती मी जोडून टाकली. बाजूला एक गाठ उगाच लोंबत होती, ती काढली. पाटी कशी देखणी झाली! मालकीणबाईंनी सही केली. (त्या रंग बघत होत्या.) छापणाऱ्यानं छापली, सुतारानं ठोकली, आणि इस्पितळाच्या दारातून आत शिरल्याबरोबर दिसेल अशी, आतून दिवा लागणारी पाटी झळकू लागली: ‘रुग्ण मरती’. शेजारी, सरळ पुढे जा, असा हिरवा बाण.

ती पकडली एका निवृत्त हेडमास्तरांनी. पाय मोडला म्हणून त्यांना स्ट्रेचरवरून नेत होते. उताण्या माणसाला वर बघण्यावाचून दुसरं काम काय? ते स्ट्रेचर ढकलणाऱ्याला म्हणाले, “अहो, जरा थांबा. माझा नुसता पाय मोडलाय हो!”

दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावलं. गाडीत मालकीणबाई म्हणाल्या, “तू गप्प बस. छापणाऱ्याची चूक म्हणून सांगू.” मी मान हलवली. पण तिथे पोचल्यावर त्या खरंच तसं सांगू लागल्या आणि माझ्या डोळ्यांपुढे तो छापणारा आला. बिचारा दिल्याबरहुकूम काम करणारा. माझ्या तोंडून निघूनच गेलं, “चूक माझी आहे. मला डिस्लेक्सिया आहे.” मालकीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मनातल्या मनात टेबलाचे खण आवरायला घेतले.

“मग पाट्यांचं काम घेतलंत कशाला?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. प्रश्न रास्तच होता. मी आईच्या ऑपरेशनचं सांगितलं. (आठवतंय ना, तू मला सगळ्या मजल्यांवर शोधत होतास? मी हरवले नव्हते रे. मला एकही पाटी वाचता येईना आणि कुणाला विचारायची लाज वाटत होती.) म्हटलं, “म्हणून मी भिंतीवर खाटेचं चित्र काढलंय आणि जमिनीवर हिरवा पट्टा आखलाय. घाबरलेल्या माणसाचंही माझ्यासारखंच होतं. अक्षरं समोर असतात, पण वाचता येत नाहीत.”

त्या म्हणाल्या, “त्या पाटीखालून मीही रोज जाते. इतके रुग्ण दाखल झाले, सगळे बरोबर पोचले. म्हणजे पाटी वाचली कुणीच नाही?” मी म्हटलं, “पट्टा धरून गेले असतील.” त्या हसल्या नाहीत. “पाटी आजच्या आज बदला. पट्टा राहू दे. आणि उरलेल्या सगळ्या पाट्या आधी हेडमास्तरांना दाखवा. त्यांना नाहीतरी पडूनच राहायचंय.”

परतताना मालकीणबाई गाडीत अवघडून बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, “मला का नाही सांगितलंस?” मी म्हटलं, “भीती वाटली.” त्यावर त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “सही करताना मी तरी कुठे वाचलं होतं? यापुढे प्रत्येकाचं काम दुसऱ्यानं वाचायचं. माझंसुद्धा.” मला रडूच फुटलं. त्यांनी रुमाल पुढे केला. (आता हेडमास्तर माझ्या पाट्यांवर लाल पेनानं शेरे मारून पाठवतात. कालचा शेरा: ‘अक्षर सुंदर, शब्द दुसराच.’)

वहिनीस नमस्कार, टिचकीस गोड पापा. कंबर सांभाळ.

तुझी,
धाकटी

ता. क. हे पत्र पाटीचं सांगायला लिहिलेलंच नाही. भाषेत गुण कमी पडले म्हणून तू टिचकीचा चित्रांचा वर्ग बंद केलास आणि ती रडेपर्यंत तिच्याकडून तोच तो धडा वाचून घेतोस, असं वहिनी सांगत होती. दादा, उद्यापासून तिला वर्गाला पाठव. आणि तिला तपासून घेऊ या, मी येते बरोबर. पोर आळशी नाही रे.

ता. ता. क. तिनं मला माझं चित्र काढून पाठवलंय. ह्यांचं म्हणणं, त्याखाली ‘डालकी आत्या’ असं लिहिलंय. मी पुन्हा नीट वाचून पाहिलं. लाडकीच लिहिलंय.