देवदाराच्या खुर्चीला खोबरेल

रविवार, संध्याकाळ. चिंचपोकळी.

लिहायला आज उशीर झाला, माफी असावी. हातांचं तेल निघता निघेना.

सुमाने, माझ्या लेकीने, चाळीच्या गॅलरीत बसायला देवदाराची खुर्ची आणून दिली. उन्हापावसातल्या लाकडाला लावायचं तेलही दिलं. पण डब्यावर सगळं इंग्रजी. गावी पाटाला आम्ही खोबरेलच लावायचो, तेच चोळलं. काय वास होता त्या लाकडाचा! आता खवट येतो. तेल सुकत नाही, वर धूळ चिकटून खुर्ची काळी पडलीय.

आज शेजारची मंदा टेकली आणि ओरडतच उठली. गाऊनला मागे एवढा मोठा डाग.

"अण्णा, खुर्चीला तेल लावलंत की भजी तळलीत?"

सगळी गॅलरी हसली. मीही हसलो. पण तिने फोटो काढून सुमाला पाठवला!

मागे गॅस चालू राहिला, तेव्हाच सुमा म्हणाली होती, "अण्णा, पुन्हा गोंधळ घातलात तर सरळ शिवाजी पार्कला माझ्या घरी नेईन. एकटं राहणं बस झालं." पण ही नुसती खुर्ची. खुर्चीवरून कोणी माणसाला घरातून हलवतं का?

पॉलिश पेपरने घासली. पेपरच बुळबुळीत झाला. तेल आत मुरलंय.

मंदा म्हणते, सुमाताईने फोटो पाहिलाय. दुपारपासून उत्तर नाही. सुमा गप्प बसणारी नव्हे. माझ्यासाठी खोली तर रिकामी करत नसेल?

सुमे, हवं तर ओरड माझ्यावर. पण काय ठरवलंयस ते लवकर कळव गं.