खिडकीकडे वळलेला आरसा

अमरावती, मंगळवार, दिवेलागण

सूक्ष्मदर्शकाखालचा आरसा खिडकीकडेच राहिला. मीच ठेवला होता, दुसऱ्या कोणावर ढकलू?

चांदूर बाजारच्या तळ्यातला तो इवला जीव कंदिलाच्या उजेडात फोटोत नुसता फराटा होतो, आणि विजेच्या प्रखर आर्क दिव्याखाली तापून मरतो. म्हणून लग्नाचे फोटो काढणाऱ्या गुलाबरावांना त्यांच्या भडक्याच्या भुकटीसकट बोलावलं. क्षणभर लख्ख उजेड, तेवढ्यात फोटो. भुकटी एकाच वेळेपुरती उरलेली. लढाईमुळे नवी येत नाही.

दुपारी तो जीव अगदी मधोमध आला, दुभंगून दोन व्हायच्या बेतात. बाहेरचा उजेड नको म्हणून मी घाईने खिडकी लावली आणि ओरडलो, "पेटवा!"

खोलीभर धूर झाला. फोटोची काच धुतली तर कोरी. भडका टेबलावर उडाला, आणि जिवावर उजेड टाकणारा आरसा बंद खिडकीकडे. वीस वर्षं सूर्याच्या उजेडात पाहायची सवय, दुसरं काय!

गुलाबराव म्हणाले, "मास्तर, तुमी तं पायलं ना त्याले? मंग झालं."

मी पाहिलं. पण मी पाहिलं हे मानणार कोण?

तळंही आटलंय. निघताना आरसा भुकटीच्या रिकाम्या ताटलीकडे नीट वळवून आलो. काहून, कोण जाणे.