दोन डिस्कचं एक कपाट

आबा, आज ऑफिसात नवा कॉम्प्युटर लावला. त्यात दोन हार्ड डिस्क आहेत. साहेब म्हणाले, "मॅडम, दोन्ही मिळून एकच मोठा ड्राइव्ह करून टाका ना, शोधायला बरं पडेल." अगदी तुमचंच वाक्य, तुमच्याच सुरात. मी इतक्या जोरात "नाही" म्हणाले की पलीकडच्या टेबलावरच्या बाई मान वळवून बघायला लागल्या. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग मी अजून दुसऱ्यांवर काढते.

लोणावळ्याच्या बाजारातल्या आपल्या स्टुडिओत तुम्ही लग्नाचा एकही फोटो पुसू द्यायचा नाहीत. आपल्याकडची म्हातारी माणसं एकट्याचा फोटो कधी काढून घेत नाहीत. घरात कुणी गेलं की मग धावाधाव, आणि दहाव्याच्या आत कुणीतरी दारात उभं, अमक्याच्या लग्नात आमची म्हातारी होती बघा म्हणत. मग तुम्ही मांडवातल्या गर्दीतून तो चेहरा हुडकायचात, मागची माणसं पुसायचात आणि फ्रेमला बसेल असा मोठा करून द्यायचात. ते काम तुम्हाला सुरेख जमायचं, खोटं कशाला बोलू? सीडीवर ठेवावं तर इथल्या पावसात सीडीला बुरशी धरते. म्हणून सगळं डिस्कवर ठेवलेलं, आणि एक दिवस ती डिस्क भरली.

दुसरी आणली तेव्हा तळेगावचा हार्डवेअरचा कोर्स करून मी नुकतीच घरी आले होते. मी तुम्हाला समजावत होते. डिस्क बेसिक ठेवल्या तर दोन वेगळी कपाटं, एक गेलं तरी दुसरं शाबूत. डायनॅमिक करून जोडल्या तर दोन्हींचं मिळून एकच मोठं कपाट दिसेल, पण एक मेली की दुसरीतलंही गेलं समजा. पासपोर्ट फोटोला आलेली चार माणसं बाकावर बसून ऐकत होती. तुम्ही त्यांच्याकडे बघत म्हणालात, "चार महिन्यांचा कोर्स करून आली आणि बापाला शिकवायला लागली! मी निगेटिव्ह धूत होतो तेव्हा ही पाळण्यात होती. एकत्र कर म्हटलं ना तुला?" माणसं हसली. मीही हसले, मेली सवय! कॉम्प्युटरसुद्धा विचारत होता, नक्की का, नक्की का. तुम्ही माझ्या खांद्यावरून, "हो म्हण गं, हो म्हण." आणि मी हो म्हटलं.

दीड वर्षात जुनी डिस्क मेली. पुण्याला दाखवली, तिथल्या माणसाने हात टेकले. जोडलेल्या असल्यामुळे नव्या डिस्कमधूनही धड काही निघालं नाही. आणि त्याच आठवड्यात वडिवळ्याचा तो माणूस आला. पायात चप्पल नाही, डोकं नुकतंच भादरलेलं. "भाऊ, आई गेली आमची. परवा दहावा हाय. पुतणीच्या लग्नात तुमीच फोटो काढलं व्हतं, त्यात हाय बघा ती, हिरव्या लुगड्यात. दुसरा फोटोच न्हाई तिचा." तुम्ही त्याला बसवलंत, चहा मागवलात आणि माझ्याकडे बोट करून म्हणालात, "काय सांगू तुला, आमच्या पोरीनं कॉम्प्युटरशी खेळ करून सगळं घालवलं." तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "आसू द्या ताई. मुद्दाम का केलं तुमी?" त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे जो येईल त्याला तुम्ही तेच ऐकवलंत. मला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही पोह्यांची बशी हातात देऊन हसत हसत सांगितलंत. लाज कशी वाटली नाही हो तुम्हाला? "मीच करायला लावलं होतं" एवढे चार शब्द, तेही घरातल्या घरात, आईसमोर. दवाखान्यात तुमच्या उशाशी रात्रंदिवस बसले, ती सेवा म्हणून कमी आणि त्या चार शब्दांसाठी जास्त. तुम्ही मात्र शेवटपर्यंत स्टुडिओचं शटर नीट लावलं का, एवढंच विचारत राहिलात.

हल्ली डिस्क जोडायची ती पद्धतच मोडीत काढली आहे. माझं बरोबर होतं, आबा. पण ते ऐकायला आता कोण आहे? हे पत्र आईला दाखवणार नाही, कुणालाच नाही. कारण एक गोष्ट मीही कुणाला सांगितलेली नाही. ती जुनी डिस्क बंद पडायच्या आधी आठ दिवस आतून टक-टक वाजत होती. तुम्हाला कमी ऐकू यायचं. मला स्पष्ट ऐकू येत होतं. असा आवाज आला की त्याच दिवशी सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं, हे कोर्सात पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. मी रोज ऐकत होते आणि गप्प बसले होते. म्हटलं, जाऊ दे, एकदा कळू दे यांना. पोरीनं घालवलं असं त्या माणसाला सांगताना, आबा, आपण खोटं बोलतोय असं फक्त तुम्हालाच वाटत होतं.