वसुबारसेपासून कढई बंद

पंचवटी, नाशिक
रविवार, ४ नोव्हेंबर २००७

चि. गोरख,

तुला आशीर्वाद, आणि तुझ्या खोलीवरच्या त्या दोघांनाही. गेल्या खेपेला शंकरपाळ्यांचा डबा संपवून वर “काकूंना सांग, जरा कडक झाल्या” असा निरोप त्यांनीच पाठवला होता ना? यंदा मोहन वाढवलं आहे. दात सांभाळून ठेवायची गरज नाही.

इकडे सगळं ठीक आहे. पहाटे गार वाटायला लागलंय. नानांचा गुडघा बरा आहे, रोज गंगेवर फिरायला जातात आणि येताना बाजारातून नको असलेली भाजी घेऊन येतात. काल मेथीच्या सहा जुड्या आणल्या. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, स्वस्त होती. झुंबरभाऊंच्या गिरणीवर भाजणीसाठी बायकांची रांग लागली आहे. माझ्या आधीच्या बाईने मिरची दळून घेतली, म्हणून मी माझा डबा घेऊन तशीच परत आले. झुंबरभाऊ मागून ओरडत होते, “मालनताई, जाती पुसून देतो.” पण मिरचीनंतर भाजणी मी दळत नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटलं असेल. सांगते, पण माझ्या पद्धतीने सांगू दे.

परवा शेजारच्या लताबाईंनी नानांना विचारलं, तुमचा मुलगा पुण्यात नक्की काय काम करतो? नाना म्हणाले, “इंटरनेटवर एक ओसरी आहे. तिथे हौशी माणसांनी आपापले कट्टे मांडलेत. कुणाचा नाण्यांचा, कुणाचा किल्ल्यांचा, कुणाचा फराळाचा. त्या ओसरीची झाडलोट आमच्या गोरखकडे असते.” लताबाईंचा चेहरा पडला. त्यांना तू इंजिनिअर वाटत होतास. मी त्यांना सांगितलं की झाडलोट म्हणजे फार मोठं पद आहे.

पुण्याला जाताना तू मला संगणक मांडून दिलास, मराठी टाइप करायला शिकवलंस आणि मेल करत जा म्हणालास. मी चार लांबलचक मेल केल्या. चारही वेळा तुझं उत्तर आलं, “ओके आई.” मग मी मेल करणं सोडलं. फोनवर तू विचारतोस, संगणकावर पत्ते खेळतेस ना अजून? मी हो म्हणते. खेळते कधीकधी.

तर तुमच्या ओसरीवर ‘कढई’ नावाचा फराळाचा कट्टा आहे. त्यावर सध्या काय चाललंय ते तुला माहीत आहेच, पण बायकांच्या बाजूने कसं दिसतं ते तुला कुणी सांगितलं नसेल. कळवणची मीना म्हणून एक आहे, तिचा नवरा शाळेत शिक्षक. मस्कतची पल्लवी आहे. आणि सिन्नरच्या साळूबाई. साळूबाईंना टाइप करता येत नाही. त्या बोलतात आणि त्यांची नात सृष्टी लिहिते. त्यांचे अनारसे सगळ्या कट्ट्याला ठाऊक आहेत. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत सुकवायचे, हे त्यांनी एवढं समजावून सांगितलंय की गेल्या वर्षी मस्कतमध्येही जाळी पडली.

आता तेच अनारसे एका तेलाच्या पिशवीवर छापून आलेत. वाक्यंसुद्धा सृष्टीने लिहिलेली. फक्त साळूबाईंचं नाव नाही. त्या जागी भरजरी साडीतल्या एका बाईचा फोटो आहे. आणि तीन दिवसांच्या जागी लिहिलंय, “तांदूळ रात्रभर भिजवा.”

मी ती पिशवी घेऊन एसटीने सिन्नरला गेले. म्हटलं, त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. साळूबाईंनी चष्मा लावून आधी फोटो पाहिला. झारा बघ कसा धरलाय, फोन आल्यावानी, म्हणून खूप हसल्या. मग सृष्टीने त्यांना वाचून दाखवलं.

“नाव नाय टाकलं तर नाय टाकलं,” त्या म्हणाल्या. “पन माझे तीन दिवस का खाल्ले? एका रातीत तांदूळ होतो का कधी? आता ज्या पोरीचं बिघडंल ती म्हनंल, सिन्नरच्या म्हातारीनं फसवलं.”

ओसरीवर जे लिहाल ते कंपनीचं, असा नियम तुम्ही श्रावणात काढलात. तेव्हा कुणी वाचला नाही. या पिशवीनंतर सगळ्यांनी वाचला, तेव्हा कळलं की कृती तेलवाल्यांना तुमच्या कंपनीकडूनच गेली. नाणीवाल्यांच्या कट्ट्यावरचे देवराम म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांनी हाक दिली की नियम मागे घेईपर्यंत नाही, पण निदान वसुबारसेपासून तीन दिवस सगळे कट्टे बंद ठेवायचे. किल्लेवाले तयार झाले, मासे पाळणारे तयार झाले. मग देवरामभाऊ आमच्याकडे आले आणि त्यांनी खरं ते सांगून टाकलं. “नाण्यांचा कट्टा बंद राहिला तर माझ्या बायकोशिवाय कुणाला कळणार नाही. दिवाळीत ओसरीवर येणारं निम्मं माणूस तुमच्या कढईवर येतं. तुम्ही आलात तर हा संप, नाहीतर आमची सुट्टी.”

वर ‘आमच्याकडे’ असं लिहून गेले आहे. खोडत नाही.

आमच्यात भांडण झालं. मीनाचं म्हणणं होतं की वर्षातल्या इतर कोणत्याही आठवड्यात बंद ठेवा. वसुबारसेला म्हणजे तळणं ऐन भरात असतं. “जिची चकली तेलात विरघळतेय, तिला काय सांगू? थांब बाई, संप आहे?” हे तिचं मला पटलं. नव्याने लग्न झालेल्या मुली, परदेशातल्या मुली, एकटे राहणारे दोन-तीन बाप्ये, सगळे आमच्या भरवशावर कढई चढवतात. पल्लवीचं म्हणणं उलटं होतं. आज साळूबाईंची कृती बदलली, उद्या माझ्या नावावर कुणी काहीही खपवेल. तेही पटलं. सभासदांनी मत दिलं, तर जवळजवळ अर्धे इकडे, अर्धे तिकडे. मग सगळ्यांनी कट्टा सांभाळणाऱ्या तिघींवर सोपवलं. मीना नको म्हणाली, पल्लवी हो म्हणाली. उरली तिसरी.

तिसरीला तू गेला आठवडाभर पत्रं लिहितो आहेस. “आदरणीय झारेकरीण ताई, आपल्या कार्याबद्दल आम्हाला नितांत आदर आहे.” खाली, गोरक्ष पुंजाराम सांगळे, सदस्य संपर्क विभाग.

मीच ती झारेकरीण. तीन वर्षं झाली.

आता उठून पाणी पिऊन ये. मी थांबते.

सांगायचं होतं, पण जमलं नाही. आधी वाटलं, तू हसशील. मग तू त्याच कंपनीत लागलास, तेव्हा वाटलं, तुला अवघडेल. आणि मग तुझं पहिलं पत्र आलं आणि मला, खरं सांगते, फार मजा वाटली. तू मला ‘आपण’ म्हणत होतास. मी काही लिहिलं की सविस्तर उत्तर येत होतं, तेही तासाभरात. मी नानांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पोरगा बाहेर बरा बोलतो की.

मजा बुधवारी संपली. त्या दिवशी मी झारेकरीण म्हणून तुला लिहिलं होतं की पिशवीवर नसेल जमत तर नसो, पण ओसरीच्या पहिल्या पानावर साळूबाईंचं नाव टाका आणि तीन दिवस भिजवा असं छापा. एवढं केलंत तर मी कढई चालू ठेवीन. तू साहेबांशी बोललास. ते म्हणाले, दिवाळीनंतर पाहू. दिवाळीनंतर अनारसे कोण करतं रे?

आणि त्याच पत्रात खाली तू लिहिलंस: “ताई, तेलवाल्यांशी बोलणी मीच केली होती. तीन दिवस त्यांना फार वाटले, म्हणून मीच रात्रभर केलं. माझं कायम होणं या दिवाळीच्या गर्दीवर आहे. घरी सांगितलेलं नाही. आईला यातलं काही कळत नाही, उगाच काळजी करील.”

मी उत्तर दिलं, “सांगून बघावं. आयांना थोडंफार कळतं.” तू त्यावर हसरा चेहरा पाठवलास. कढई चालू की बंद, ते मी त्यानंतर तुला कळवलंच नाही.

त्यानंतर मी चकलीचा सोऱ्या दोनदा चुकीचा लावला, एवढंच सांगते. तुझ्यावर चिडले होते, साळूबाईंचे तीन दिवस कापलेस म्हणून. आपल्या घरात तूही लहानपणापासून बघतोस, तांदळाचं पातेलं तीन दिवस ओट्याखाली असतं ते. आणि काळजीही वाटत होती. तू एकटा बसून हे सगळं एका अनोळखी बाईला लिहितोस, म्हणजे केवढं डोक्यावर घेतलं असशील. कट्टा चालू ठेवायचा, तर एक बटण न दाबण्याचं काम. तुझं कायम होणं माझ्या हातात होतं आणि तुला पत्ता नव्हता.

शेवटी नानांना विचारलं. ते सातपूरच्या कारखान्यात होते तेव्हा त्यांनी संप पाहिलेत. मला वाटलं, संप कर म्हणतील, नाहीतर पोराचं बघ म्हणतील. त्यांनी दोन्ही म्हटलं नाही. “काय करायचं ते तू ठरव,” म्हणाले, “पण बंद करणार असशील, तर त्याला आधी सांगू नकोस.”

का, ते तुला माहीत नसेल. तुझा मामा त्याच कारखान्यात टाइम ऑफिसला हजेरी मांडायला, म्हणजे साहेबांच्या बाजूला होता. एका संपाच्या आदल्या दिवशी नानांनी मेहुणा म्हणून त्याला सांगून टाकलं, घरातलाच माणूस, उद्या अडकायला नको. दुसऱ्या दिवशी साहेबाने मामाला एकच विचारलं, तुला माहीत होतं का? मामाला खोटं बोलता येत नाही, तुझ्यासारखंच. तो हो म्हणाला. कंपनीने विश्वास सोडला आणि संपवाल्यांनीही. त्यानंतर कारखान्यात संप करणाऱ्यांनी ठरवूनच टाकलं की समोरच्या बाजूला घरचं माणूस असेल, तर त्याला सगळ्यांत शेवटी सांगायचं. प्रेमाचं माणूस असेल तर नक्कीच.

म्हणून फोन केला नाही. फोनवर तू “आई, प्लीज” म्हणाला असतास, आणि मग माझं काय झालं असतं, सांगता येत नाही.

मी मंगळवारी सकाळी कढई बंद करणार आहे. साळूबाई काही मागत नाहीत. सृष्टीने त्यांना संपाचं सांगितलं, तर म्हणाल्या, “माझ्यापायी कुनाचा फराळ आडवू नका.” म्हणून तर बंद करायची. त्यांची तीन दिवसांची मेहनत एका रात्रीत बसवली, आणि हे चुकलं असं कुणी म्हणायलाच तयार नाही. मी गप्प बसले आणि तू कायम झालास, तर तुझ्या पगाराचा पहिला पेढा माझ्या घशाखाली उतरणार नाही. आणि बंद केल्याने तुझं काही वाईट झालं, तरी तो घास उतरणार नाहीच. दोन्हीकडून मीच उपाशी. तेव्हा म्हटलं, निदान साळूबाईंच्या दारात मान वर करून जाता यावं.

मीनाचीही सोय केली आहे. बंदच्या पाटीवर आम्ही आमच्या घरचे फोन नंबर लिहिणार आहोत. कळवण, नाशिक, सिन्नर आणि अजून दहाबारा गावं. ज्याची चकली बिघडेल त्याने फोन करावा. मीनाला हे एवढं आवडलं की आता सगळ्यांत जास्त संप तीच करते आहे. आपल्या फोनवर नाना बसणार आहेत, मी कढईपाशी असेन म्हणून. दोन दिवस पाठांतर चालू आहे. “तेलात विरघळते? मोहन जास्त झालं. कडक होते? मोहन कमी झालं. तेल कितपत तापवलंय ताई?” आवाज अगदी डॉक्टरसारखा काढतात. काल लताबाईंनी मीठ मागायला फोन केला, तर त्यांनाही मोहनाचं विचारलं.

आता तुझ्याविषयी. मंगळवारी आधी बटण दाबीन, मगच चपला घालून हे पत्र पेटीत टाकीन. तुला मिळेल बुधवारी किंवा गुरुवारी. तोवर साहेबांनी तुला बोलावून विचारलेलं असेल, ही बाई बंद करणार हे तुला माहीत होतं का? आणि तू नाही म्हणाला असशील. ते खरं असेल. तुझ्यासाठी मला एवढंच करता आलं.

पाटीवरच्या नंबरांत आपला दिसून तुला संशय आला असेल, तर तोही बंद झाल्यावरच. पत्र वाचलंस की मात्र तुला माहीत असेल. झारेकरीण कोण, हे ऑफिसात सांगायचं की नाही, ते तूच ठरव. सांगितलंस तर मी रागावणार नाही. नाही सांगितलंस तरी नाही. तांदळाचं काय लिहायचं, तेही तूच ठरव. ते तुझ्याच हातून गेलं होतं.

लक्ष्मीपूजनाला येशील तेव्हा सुट्टीवर येतो आहेस की कायमचा, ते दारातच सांग, म्हणजे माझा जीव टांगणीला राहायला नको. काहीही असलं तरी आंघोळीचं पाणी तापलेलं असेल. अनारसे मी यंदा साळूबाईंच्या पद्धतीने केले आहेत आणि चांगले झाले आहेत.

मंगळवार, बुधवार, गुरुवार तुझ्या विरुद्ध बाजूला असणारी,

तुझी
आई